आत काय आहे?

आमच्या कुरुळीत पुणे-नाशिक महामार्गावर रात्रंदिवस खोकी हलत असतात. पुठ्ठ्याची, लाकडाची, पट्ट्यांनी आवळलेली. छत्रीचं चित्र असलं की पाण्यापासून जपायचं, पेल्याचं असलं की आपटायचं नाही. एवढी भाषा इथं सगळ्यांनाच येते.

मध्यंतरी मी माझ्या कवितासंग्रहाच्या वीस प्रती कुरियरनं पाठवायला गेलो. काउंटरवरच्या मुलानं माझं नाव लिहून घेतलं नि विचारलं, ''चाचा, आत काय आहे?''

''पुस्तकं.''

''जरा उघडून दाखवा.''

खरं सांगतो, मन खट्टू झालं. नाव ऐकूनच विचारलं असणार, असं वाटलं.

मग आठवलं. एप्रिल 2022 मध्ये इथून जवळच, दिघीत, कुरियरनं आलेल्या खोक्यांत पोलिसांना 97 तलवारी सापडल्या होत्या. ती खोकी उचलणारा असाच कुणी पोरगा असेल.

आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे, 2016 चे शस्त्र नियम आहेत. बंदुकीला परवाना लागतो आणि तिच्या वाहतुकीवरही कायद्याची नजर असते. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारंही नियमांच्या यादीत येतात. घरातली, शेतातली, कारखान्यातली अवजारं तेवढी वगळली आहेत. म्हणजे विळा कशासाठी घडवला, हेही कायदा विचारतो.

अमेरिकेत बंदुका अनेक घरांत. तिथला नियम मला मोठा मजेशीर वाटला. खोक्यात बंदूक आहे, अशी चिठ्ठी वाहतूकदारानं बाहेरून लावायला लावायची नाही. चोराला आयताच पत्ता मिळेल ना! पण परवानाधारक व्यापारी नसलेल्या माणसाकडे ती पाठवायची, तर वाहतूकदाराला लेखी कळवलंच पाहिजे. खोकं गप्प राहिलं तरी चालेल, पाठवणाऱ्यानं गप्प राहून चालत नाही.

पॅकिंगचा खरा नियम मला तिथं सापडला. पुठ्ठा मालाला जपतो. खरं उत्तर माल उचलणाऱ्याला जपतं.

माझ्या मागं एक बाई उभ्या होत्या. लेकीला पापड पाठवायचे होते. पोरानं त्यांनाही विचारलं, ''ताई, आत काय आहे?'' त्यांनी हसत पिशवीची गाठ सोडली. माझ्या मनातलीही एक गाठ सुटली.

पोरानं माझं खोकं पुन्हा नीट चिकटवलं आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'पुस्तके'. अक्षर छान होतं त्याचं.