सगळ्यांच्या डोळ्यांदेखत



आपली व्याख्यानमाला भरते त्याच दिवसांत गावोगावच्या मैदानांवर उन्हाळी शिबिरंही भरतात. आज सकाळी एक शिबिर पाहिलं. मल्लखांबाभोवती वीसेक मुलं गोळा झालेली, आणि फाटकाशी मुलांना सोडून लगबगीने वळणाऱ्या आईबापांच्या स्कूटर. मी त्या स्कूटरकडेच बघत राहिले. किती निर्धास्तपणे आपण आपलं मूल दुसऱ्याच्या हाती सोपवतो! सोपवायलाच हवं, त्याशिवाय मूल वाढणार कसं? पण ज्याच्या हाती सोपवलं, त्याला पोरांचं शरीर घडवण्यापलीकडे काय शिकवलेलं असतं?

गेली काही वर्षं मी क्रीडा प्रशिक्षकांसाठी आणि बालवाडी-अंगणवाडीच्या ताईंसाठी बालसुरक्षेची प्रशिक्षणं घेते. पहिल्या अर्ध्या तासात कुणीतरी विचारतंच, "आमच्यावर संशय आहे का?" या प्रश्नामागचं दुखणं मला समजतं. पहाटे साडेपाचला येऊन मैदान झाडणारा, गरीब पोराला स्वतःच्या पैशाने बूट घेऊन देणारा माणूस असतो तो. त्याला मी सांगते, संशय नाही. उलट तुमच्या चांगुलपणाच्या आडोशाला दुसरा कुणी उभा राहू नये, म्हणून हे सगळं.

आपल्याकडे या विषयाचा सगळा भार आपण मुलांवर टाकला आहे. 'गुड टच, बॅड टच' हे चार वर्षांच्या मुलीला पाठ करायला लावतो आणि हात झटकतो. तिला ते सांगावंच, पण राखण करणं हे काही चार वर्षांच्या जिवाचं काम नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण उघड झालं. आरोपी शाळेतलाच कर्मचारी होता. लोक संतापून दिवसभर रेल्वेच्या रुळांवर बसले. तो संताप खराच होता. पण त्यानंतर आपल्यापैकी किती जणांनी आपल्या मुलाच्या शाळेत जाऊन विचारलं, की याला शी-शूला कोण नेतं, सोबत आणखी कोण असतं, दाराची कडी आतून लागते का? मी ज्या ज्या शाळांत हे विचारलं, तिथल्या मुख्याध्यापकांनी आधी शिपायाकडे पाहिलं.

प्रशिक्षणात आम्ही नेमकं हेच बोलतो. एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड राहायचं नाही. ओले कपडे बदलायचे ते दुसऱ्या ताईला सांगून. स्पर्धेला बाहेरगावी गेल्यावर कुठलंही मूल प्रशिक्षकाच्या खोलीत झोपणार नाही, मुलींच्या संघाबरोबर बाई असेलच. मुलाला परस्पर व्हॉट्सअॅपवर निरोप धाडायचा नाही, तो पालकांच्या गटावर टाकायचा.

एकदा एका तालमीतल्या वस्तादांनी विचारलं, "मग मल्लखांबावर पोराला धरायचंच नाही का? पडलं तर मान मोडेल." धरायचं. पण आधी सांगून धरायचं. "कमरेला हात लावतो हं" असं म्हणायचं, मूल हो म्हणालं की धरायचं, काम झालं की हात काढायचा. आणि एका अंगणवाडीताईंनी अगदी रडवेल्या होऊन विचारलं, "रडणाऱ्या लेकराला मांडीवर घेऊ नको का?" घ्या, जरूर घ्या. तीन वर्षांच्या मुलाला मांडी नाकारणं हाही त्याच्यावर अन्यायच आहे. फक्त मुलाला हवी असेल तेव्हा घ्या, आणि सगळ्यांसमोर घ्या.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. मला त्या अंगणाचं फार मोल वाटतं. अंगणात आजी धान्य निवडत बसलेली असते, येणारा-जाणारा डोकावतो, मूल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत असतं. आपण त्या अंगणाला भिंती घातल्या. आता निदान त्या भिंतींना काचेची खिडकी तरी ठेवू या.

पण डोळ्यांदेखत असणंही पुरत नाही, हे अमेरिकेतल्या जिम्नॅस्टिक्सच्या प्रकरणाने दाखवलं. लॅरी नासर हा राष्ट्रीय संघाचा डॉक्टर उपचाराच्या नावाखाली मुलींवर अत्याचार करत राहिला, कधीकधी तर आई त्याच खोलीत बसलेली असताना, मध्ये आपली पाठ करून. २०१६ मध्ये वर्तमानपत्राने ते बाहेर काढलं आणि जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक जणींनी न्यायालयात आपली कहाणी सांगितली. त्यांतल्या काही जणी लहानपणीच मोठ्यांशी बोलल्या होत्या. मोठे म्हणाले, तुझा गैरसमज झाला असेल, डॉक्टर फार चांगले आहेत.

आपल्याकडे यासाठी एक शब्द आहे, देवमाणूस. "सर देवमाणूस आहेत हो." हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. कारण मुलाला जाळ्यात ओढणारा माणूस आधी घराला जिंकतो. फी माफ करतो, रात्री मुलाला घरी सोडतो, "याला राज्याच्या संघात नेतो" म्हणतो. मग मुलाशी छोटी छोटी गुपितं सुरू होतात. आणि प्रशिक्षकाच्या हातात काय नसतं? निवड त्याच्या हातात, दहावीचे क्रीडागुण मिळवून देणारी स्पर्धा त्याच्या हातात, सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाची वाट त्याच्याच मैदानावरून जाते. शेतमजुराच्या घरातल्या पोराने अशा माणसाविरुद्ध तोंड उघडायचं कसं?

पोराने असं मी मुद्दाम म्हटलं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये देशव्यापी पाहणी प्रसिद्ध केली. तीत निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण सोसल्याचं सांगितलं होतं आणि त्यांत मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच होतं. "मुलगा आहे, त्याला काय होतंय" हे वाक्य आपण कायमचं टाकून द्यायला हवं. 'करणारा पुरुषच असणार' हेही. इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरात २००९ मध्ये एका पाळणाघरातली बाईच मुलांवर अत्याचार करून मोबाइलवर त्यांची चित्रं काढत असल्याचं उघड झालं. सहकारी बायकांना तिचं वागणं खटकत होतं, पण तिच्या दबदब्यापुढे कुणाला बोलायचं धाडस झालं नाही. म्हणून आमच्या वर्गात मोबाइल कपाटात ठेवण्याचा नियम आहे, आणि त्याहून मोठा नियम असा, की खटकलेली गोष्ट त्याच दिवशी लिहून ठेवायची.

ती सांगायची कुणाला? हरियाणातल्या पंचकुलात १९९० मध्ये चौदा वर्षांच्या एका टेनिसपटू मुलीने विनयभंगाची तक्रार केली. आरोपी राज्याच्या टेनिस संघटनेचा अध्यक्ष होता आणि पोलीस खात्यातला बडा अधिकारीही. मुलीचं नाव शाळेतून कमी झालं, भावावर गुन्हे लागले, १९९३ मध्ये तिने जीव दिला. दोषी ठरवणारा निकाल यायला २००९ चा डिसेंबर उजाडला. शिक्षा सहा महिने, ती पुढे वाढली. म्हणून प्रत्येक क्लबात, प्रत्येक बालवाडीत तक्रार ऐकणारी एक व्यक्ती संस्थेच्या बाहेरची असावी, असा माझा आग्रह असतो. संस्थाचालक यावर सर्वांत जास्त कुरकुर करतात, आणि मी सर्वांत जास्त अडून बसते तीही इथेच.

कायदा तर स्पष्ट आहे. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती किंवा नुसती शंका असली तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. दडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत. २०२० च्या नियमांनी मुलांच्या संपर्कातल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि वेळोवेळी प्रशिक्षणही सांगितलं आहे. पालकांना पोलीस ठाण्याची भीती वाटते. पण मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, घेणारा अधिकारी गणवेशात नसतो, आणि शक्यतो ती महिला अधिकारी असते. १०९८ हा क्रमांकही ध्यानात ठेवा. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या कामातून सुरू झाली.

मुलाने तुमच्याजवळ मन मोकळं केलं, तर खोदून खोदून विचारू नका. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही" एवढं म्हणा आणि त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहा. 'दुखवलं' म्हणालं तर 'दुखवलं', त्याचं 'अत्याचार' करू नका.

त्या वस्तादांच्या तालमीत मी परवा पुन्हा गेले होते. सहा वर्षांची एक मुलगी मल्लखांबावर चढत होती. ते म्हणाले, "कमरेला धरतो हं." ती वरूनच म्हणाली, "आज नको सर, मी करते." वस्ताद दोन पावलं मागे सरले आणि पायाने गादी पुढे सरकवून तिच्या अगदी खाली आणून ठेवली.