तारेचा झटका आणि खर्र्याची पुडी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप गटावर दोन महिने एक भांडण चालू होतं. मोबाइल टॉवरमुळे कॅन्सर होतो की नाही? विजेच्या मोठ्या लाइनखाली शेत असलं तर काय? शेवटी 'तू इंजिनिअर आहेस, तूच सांग' म्हणून विषय माझ्या गळ्यात पडला. माझी पदवी इलेक्ट्रॉनिक्सची, नोकरी सॉफ्टवेअरची. मी डॉक्टर नाही. पण हा प्रश्न माझ्या घरातून गेलेला आहे, म्हणून उभी राहिले.

आपला वर्धा जिल्हा विजेचा मोठा चौक आहे. ७६५ केव्हीच्या लाइनी इथे येऊन मिळतात. सिवनी, रायपूर, औरंगाबाद, निझामाबाद अशा सगळ्या दिशांना जातात. त्यातली एक आमच्या शेतावरून गेली. पावसाळ्यात ती तार गुणगुणते, ते इथल्या अनेकांनी ऐकलं असेल.

२०१७ साली माझे बाबा तोंडाच्या कॅन्सरने गेले. तेराव्याच्या दिवशी धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, या लाइननंच बाबाले खाल्लं." मी तिथल्या तिथे त्याला आकडे ऐकवले. तो म्हणाला, "तुह्यं इंजिनिअरिंग तुह्यापाशी ठेव." त्यानंतर आम्ही वर्षभर नीट बोललो नाही.

मी ऐकवलेले आकडे खोटे नव्हते. विजेच्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. आपल्या बाईंनी तारेजवळ होकायंत्र धरून दाखवलं होतं, तेच हे. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा दिशा बदलून परत मूळपदावर येते. एवढ्या संथ लहरींमध्ये शरीरातल्या रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. क्ष-किरणांमध्ये असते. मोबाइलच्या लहरी पुष्कळ वेगवान, पण त्याही या बाबतीत साध्या उजेडापेक्षा दुबळ्याच.

मग शंका आली कुठून? १९७९ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये एक अभ्यास झाला. तारांजवळच्या घरांतल्या मुलांमध्ये रक्ताचा कॅन्सर थोडा जास्त दिसला. पुढे अनेक देशांचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा घरातलं सरासरी क्षेत्र ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर असलेल्या मोजक्या मुलांमध्ये धोका साधारण दुप्पट दिसला. कारण मात्र प्रयोगशाळेत सापडलं नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ मध्ये हे क्षेत्र '२ब' गटात टाकलं. २०११ मध्ये मोबाइलच्या लहरीही तिथेच गेल्या. २ब म्हणजे 'शक्यता नाकारता येत नाही'. कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कही त्याच गटात आहे. २०२४ मध्ये आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही. आणि टॉवरसाठी भारताने २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी मर्यादा लावली.

हे सगळं बरोबर होतं. पण भाऊ अजून एक गोष्ट सांगत होता, ती मी ऐकलीच नव्हती. "तारेच्या कुंपणाले हात लावला का झटका लागते." मी म्हटलं होतं, तुला भास होतो.

दुसऱ्या वर्षी मी एक मीटर घेऊन गावी आले. आम्ही दोघं शेतात फिरलो. लाइनच्या बरोबर खाली मीटरने सहा मायक्रोटेस्ला दाखवले. लोकांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० आहे. शंभर मीटरवर, गोठ्यापाशी, आकडा पाव मायक्रोटेस्लाच्याही खाली. गावातल्या घरात तर लाइनचं काहीच नाही. आईचा मिक्सर चालू केला तेव्हा मात्र आकडा लाइनखालच्यापेक्षा वर गेला. मिक्सरपासून दोन हात मागे सरकलं की उतरला. भाऊ हसला, खूप दिवसांनी.

मग मी कुंपणाला हात लावला, आणि मला झटका बसला.

भास नव्हताच. लाकडी खांबांवरची लांब तार लाइनला समांतर गेली, की तिच्यात वीज उतरते आणि जमिनीत जायला वाट नसते. आपण हात लावला की आपण वाट होतो. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकले होते, पेपरात लिहिलंही होतं. ज्याला रोज झटका बसत होता, त्याला मात्र मी खोटं ठरवलं. लाइनच्या कार्यालयात अर्ज दिला, त्यांच्या माणसांसमक्ष कुंपणाला ठिकठिकाणी अर्थिंग केलं. झटका थांबला. तुमचं शेत अशा लाइनखाली असेल तर हेच करा. लाइनखाली लोखंडी पाइप उभा धरू नका, ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरू नका. लाइनखाली माणूस दगावतो तो बहुधा अशाने.

त्या संध्याकाळी बांधावर बसून भावाने खिशातून पुडी काढली. खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना. बाबांनी तीस वर्षं खाल्लेला. तंबाखू आणि सुपारी दोन्ही त्याच संस्थेच्या यादीत पहिल्या गटात आहेत; तिथे 'शक्यता' हा शब्द नाही, खात्री आहे. मी या वेळी आकडे सांगितले नाहीत. भाऊच म्हणाला, "ताई, मले मालूम आहे. पण बाबाले कसं म्हणू का तुमच्यानंच झालं?"

लाइनला दोष देणं सोपं होतं, कारण लाइन आपल्या घरची नव्हती. मला हे तेराव्यालाच कळायला हवं होतं.

मी त्याला तोंड उघडायला सांगितलं. तीन बोटं उभी आत जायला हवीत. त्याची दोनच गेली. पुढच्या आठवड्यात आम्ही सेवाग्रामला गेलो. कॅन्सर नाही, पण त्याच्या आधीची पायरी. आता त्याचा खर्रा सुटून चार वर्षं झाली. मध्ये दोनदा पुन्हा लागला होता. आजही तिसरं बोट पूर्ण जात नाही. तो आपल्याच शाळेचा, दोन वर्षं मागे होता. आज इथे बसलाय, आणि हे सगळं सांगायची परवानगी त्यानेच दिली. म्हणाला, "सांगजो तिथं, अर्ध्या लोकांच्या खिशात पुडी असंन."

तेव्हा टॉवरचा प्रश्न जरूर विचारा, मोजमाप मागा, तो आपला हक्क आहे. आणि जेवणाआधी हात धुवायला जाल, तेव्हा आरशासमोर तीन बोटं उभी धरून बघा. ज्यांची जाणार नाहीत त्यांनी मला येऊन भेटा. उद्या सकाळी आम्ही दोघं सेवाग्रामला जाणारच आहोत, त्याच्या तपासणीसाठी. गाडीत तीन जागा आहेत.