मेटल फोम मोजताना सांधा वजा कसा करायचा?

आजचा भाग छोटा आहे, पण आपल्या कोल्हापूरला जवळचा आहे.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत कास्टिंगमध्ये भोकं निघाली की माल रिजेक्ट. मेटल फोममध्ये मात्र ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. ॲल्युमिनियमचा स्पंजच म्हणा ना. उघड्या छिद्रांच्या फोममध्ये बऱ्याचदा ९० टक्क्यांहून जास्त जागा हवेची असते. वजन कमी, पृष्ठभाग भरपूर, म्हणून इलेक्ट्रॉनिक्स गार ठेवायला तो वापरतात.

आता त्यातून उष्णता किती जाते, हे मोजायचं कसं? वर हीटर, खाली थंड पाण्याची प्लेट, मध्ये फोम, आणि दोन्ही बाजूंना थर्मोकपल. सोपं वाटतं, बरोबर? पण फोम प्लेटला फक्त तारांच्या टोकांनी टेकतो. त्या सांध्यातच बरंच तापमान पडतं आणि बदनाम होतो फोम.

हिशेबासाठी आकडे धरू. नमुना ५० मिलिमीटर चौरस, त्यातून जाणारी उष्णता २५ वॉट. २० मिलिमीटर जाडीला फरक आला ५० अंश, १० मिलिमीटरला ३० अंश. सरळ सूत्रात टाकलं तर पहिल्याची वाहकता ४ येते, दुसऱ्याची ३.३. एकच माल आणि दोन उत्तरं!

आता दोन्ही वाचनं वजा करा. जादा १० मिलिमीटर फोमला २० अंश लागले. म्हणजे २० मिलिमीटरला ४०, आणि उरलेले १० अंश सांध्यांचे. खरी वाहकता ५ वॉट प्रति मीटर प्रति केल्विन. नुसता पहिला नमुना मोजला असता तर चांगला माल २० टक्क्यांनी कमी ठरला असता.

अर्थात, दाब आणि पेस्ट दोन्ही वेळी सारखीच हवी. शक्यतो तीन जाड्या घ्या. तिन्ही बिंदू एका रेषेत आले नाहीत, तर सांधा बदलतोय किंवा फोम एकसारखा नाही, असं समजा.

अजून दोन गोष्टी. हीटरला दिलेले वॉट सगळे फोममधून जात नाहीत, काही बाजूंनी निसटतात. म्हणून ग्लासवूल गुंडाळा आणि फोमखाली वाहकता माहीत असलेला धातूचा ठोकळा ठेवून खरी उष्णता मोजा. आणि सुरुवातीला सगळे थर्मोकपल एकाच पाण्यात बुडवून त्यांच्यातला फरक लिहून ठेवा.

आम्ही सॉफ्टवेअरवाले बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलतो. इथेही तेच: जाडी बदला, बाकी काही हलवू नका.

भेटू पुढच्या भागात!