ड्रिलचा खटका

बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले. यंत्र उघडून त्याचे मर्म जाणण्याच्या त्या वृत्तीतून पुढे केवढा उद्योग उभा राहिला, हे सर्वश्रुतच आहे. आज बेळगाव-निपाणी भागातील सुताराच्या हाती बॅटरीवर चालणारे ड्रिल असते. त्याचा खटका बिघडला, की दिवसाची मजुरी बुडते. अशा वेळी तीच वृत्ती उपयोगी पडते.

खटक्याला दोष देण्यापूर्वी बॅटरी भरलेली आहे ना, तिची टोके स्वच्छ आहेत ना आणि मोटारीतील कार्बन ब्रश झिजलेले नाहीत ना, हे पाहावे. कवच उघडायचे ते बॅटरी काढूनच.

घरातील विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. म्हणून खटका सुटताना उडालेली ठिणगी चटकन विझते. बॅटरीचा प्रवाह मात्र एकाच दिशेने अखंड वाहतो. तेथे ठिणगी रेंगाळते आणि खटक्यातील धातूची टोके हळूहळू जळतात. त्यांत भुसा शिरला, म्हणजे चाप दाबूनही यंत्र जागचे हलत नाही.

अशा वेळी खटका वगळून तारा थेट जोडण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. चाप सोडताच मोटार रोखण्याची योजना पुष्कळदा खटक्यातच असते. नवा खटका तितक्याच व्होल्टचा, तितकाच प्रवाह सोसणारा घ्यावा आणि तारांच्या जागा आधी टिपून ठेवाव्यात. यंत्र चालू करणे हे खटक्याचे निम्मेच काम होय. ते वेळीच थांबविणे हे उरलेले निम्मे. कारागिराची बोटे या दुसऱ्या निम्म्यावरच सुरक्षित असतात.