धोका सांगणाऱ्याचा सत्कार

1 मे ही तारीख सोलापूरला तीन कारणांनी महत्त्वाची. महाराष्ट्र दिन, कामगार दिन, आणि 1964 साली याच दिवशी आपल्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली, म्हणून तिचा वर्धापन दिन. वर्धापन दिन म्हटला की कुठल्याही महापालिकेत गुणवंत कर्मचाऱ्यांचा सत्कार ओघानं येतोच. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र, फोटो. निकषही साधारण ठरलेले: वसुली किती झाली, फायली किती निकाली निघाल्या, रजा किती घेतल्या, आणि 'नावावर एकही तक्रार नाही' हे तर हमखास. या सत्काराबद्दल माझं काही म्हणणं नाही; वर्षभर राबणाऱ्याला चार माणसांत कुणी बरं म्हटलं, तर त्यात गैर काय? पण 'साहेब, त्या चेंबरचं झाकण सरकलंय', 'क्लोरीनचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही', 'ही शिडी कुजलीय, हिच्यावर कुणाला चढवू नका' असं ज्यानं वेळेवर येऊन सांगितलं, तो माणूस या यादीत सहसा नसतो. उलट 'कटकट्या' अशी त्याची ओळख होते. आज मला एवढंच पटवून द्यायचं आहे, की महापालिकेला आपली माणसं धडधाकट घरी जायला हवी असतील, तर पहिला सत्कार या कटकट्याचा झाला पाहिजे. आणि 'वर्षभरात एकही अपघात नाही' म्हणून एखाद्या विभागाला बक्षीस द्यायचा विचार कुणाच्या मनात असेल, तर तो सोडून दिला पाहिजे.

महापालिकेतलं कामाचं ठिकाण म्हटलं की इंद्रभुवन या तिच्या मुख्य इमारतीतली टेबलं-खुर्च्या डोळ्यांपुढे येतात. जीव जाण्याची ठिकाणं मात्र बाहेर पसरलेली आहेत. रस्त्याखालची ड्रेनेज लाईन, भोगावचा कचरा डेपो, पाकणी आणि सोरेगावच्या जलशुद्धीकरण केंद्रांतलं क्लोरीन, दिवाबत्तीचे खांब, पेटलेल्या इमारतीत शिरणारे अग्निशमनचे जवान, आणि एप्रिल-मेच्या उन्हात डांबरी रस्ता झाडणाऱ्या बायका. सोलापूरचं ऊन हाही धोकाच आहे, पण त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. या ठिकाणांना चार भिंती नाहीत, म्हणून कायद्याची नजरही त्यांच्यावर फार उशिरा पडली. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यातल्या कामगाराला, संकट समोर दिसतंय असं सांगण्याचा हक्क मिळाला. रस्ता झाडणाऱ्याला तो हक्क देणारं कलम त्यात नव्हतं, कारण रस्ता म्हणजे कारखाना नव्हे. आता 2020 ची व्यावसायिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे आणि असुरक्षित परिस्थिती दिसली तर ती कळवणं हे तिनं कर्मचाऱ्याचं कर्तव्य ठरवलं आहे. कर्तव्य कागदावर आलं. ते पार पाडणाऱ्याचं पुढं काय होतं, हे ठरवणं संहितेच्या हातात नाही. ते मुकादमाच्या, आरोग्य निरीक्षकाच्या आणि झोन कार्यालयाच्या हातात आहे.

चेंबरचंच उदाहरण जवळून पाहू. तुंबलेल्या गटारात हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साठतो. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, हे बहुतेकांना माहीत असतं. हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं, की हवेच्या दहा लाख भागांत हा वायू शंभर भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. झाकण उघडून दहा मिनिटं थांबलो, आता वास गेला, उतरायला हरकत नाही, असा हिशेब करणारा माणूस नेमका तिथं फसतो. प्रमाण आणखी वाढलं, की एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. वरचा साथीदार त्याला काढायला उतरतो आणि तोही पडतो. बंदिस्त जागेतल्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या सरकारी संस्थेनं 1986 मध्ये नोंदवलं होतं, की अशा मृतांपैकी 60 टक्क्यांहून जास्त लोक दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात. आपल्या देशात 2013 च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023 मध्ये अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपयांवर नेली. तरी बातम्या थांबलेल्या नाहीत.

आता विचार करा, असा माणूस गुदमरतो तो काही पहिल्याच दिवशी नव्हे. त्याआधी कधीतरी त्याच लाईनवर कुणाला चक्कर आलेली असते, कुणाचे डोळे चुरचुरलेले असतात, कुणी दोर ओढून वर घेतलेला असतो. त्या दिवशी चहा पिऊन, हसून सगळे घरी गेले. वहीत काय चढलं? काही नाही. कारण नोंद करायची तर प्रश्न येतो: उतरलास का? कुणी उतरवलं? मशीन का नव्हती? रोजंदारीवरच्या किंवा ठेकेदाराच्या माणसाला उद्या कामावर न बोलावणं यासाठी एका शब्दाचीही गरज लागत नाही. कायम कर्मचाऱ्याला बदलीची भीती. मुकादमाला वाटतं, आपल्या बिटातली, म्हणजे नेमून दिलेल्या भागातली, गोष्ट वर गेली तर ठपका आपल्यावर. मग झाकली मूठ सव्वा लाखाची, असं प्रत्येक पायरीवर ठरतं. यात कुणी दुष्ट नाही. प्रत्येकजण आपापल्या जागी शहाणपणानंच वागतोय. म्हणून तर नुसत्या सूचनाफलकानं किंवा सुरक्षा सप्ताहातल्या शपथेनं हे बदलत नाही.

न सांगितलेल्या गोष्टीची किंमत किती असते, याचं ठळक उदाहरण विमान वाहतुकीतलं आहे. 1 डिसेंबर 1974 ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचं विमान डोंगरावर आदळलं आणि 92 जण गेले. चौकशीत निघालं, की सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच मार्गावर, त्याच गैरसमजातून, थोडक्यात बचावलं होतं. त्या कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ती गोष्ट पोचलीच नाही. त्यातून 1976 मध्ये एक व्यवस्था उभी राहिली. वैमानिकानं आपली चूक किंवा बालंबाल बचावल्याची घटना दहा दिवसांत कळवली, तर दंडापासून त्याला संरक्षण मिळतं. माहिती घेते ती नासा ही संशोधन संस्था, परवाना रद्द करणारं खातं नव्हे. जाणूनबुजून केलेलं कृत्य, गुन्हा आणि प्रत्यक्ष अपघात यांना ही सवलत लागू नाही. पन्नास वर्षं ही व्यवस्था चालू आहे.

आता दुसरी बाजू पाहा, 'शून्य अपघात' या बक्षिसाची. 20 एप्रिल 2010 ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हॉरायझन हा तेलविहिरीचा तराफा पेटला, 11 जण गेले. आणि त्याच दिवशी संबंधित कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी तिथे आले होते ते, सात वर्षं मोठ्या दुखापतीवाचून गेली याबद्दल शाबासकी द्यायला. घसरून पडणं, बोट चेंगरणं यांची मोजदाद करणारा कागद कोरा होता आणि विहिरीतला दाब वाढत होता. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्यानं 2012 मध्ये लेखी बजावलं, की दुखापत झाली नाही तर बक्षीस, अशा योजनांमुळे माणसं दुखापत लपवतात. आपल्याकडे हे समजायला परदेशातही जायला नको. दहा जणांच्या गटाला बक्षीस लागलेलं असेल आणि अकराव्या महिन्यात एकाच्या हातात काच घुसली, तर उरलेले नऊजण त्याला काय सांगतील? रुमाल बांध, सांगू नकोस.

यावर आक्षेप येणार, आणि ते फुसके नाहीत. पहिला: लोक खोट्यानाट्या नोंदी करतील, एकमेकांवर सूड उगवतील. काही करतीलही. म्हणून नोंद माणसाविरुद्ध घ्यायची नाही, जागेविषयी घ्यायची: कुठं, काय दिसलं, कधी, आत्ता तात्पुरतं काय केलं. 'अमक्यानं हलगर्जी केली' यासाठी तक्रारीचा वेगळा मार्ग आहेच. शिवाय चेंबरचं झाकण सरकलंय की नाही, हे तिथं जाऊन पाच मिनिटांत कळतं. दुसरा आक्षेप: हे तर त्याचं कामच आहे, कामाचा कसला सत्कार? मग वसुली हेही काम होतं, फाईल निकाली काढणं हेही. आपण सत्कार करतो तो कर्तव्याचाच. फरक इतकाच, की वसुली करणाऱ्याला वरून शाबासकी मिळते आणि धोका सांगणाऱ्याला कपाळावरच्या आठ्या. ते पारडं समतोल करायला सत्कार हवा.

तिसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा आहे आणि तो दबक्या आवाजात येतो: एकदा लेखी आलं की ते माहितीच्या अधिकारात बाहेर जाईल, न्यायालयात आमच्यावरच उलटेल. खरं आहे. नोंद आली आणि काहीच केलं नाही, तर ती उलटणारच, आणि उलटलीच पाहिजे. पण नोंद आली, दुसऱ्या दिवशी जागा पाहिली, धोक्याची पट्टी बांधली, दुरुस्तीचा प्रस्ताव टाकला, असं कागदावर असलेला अधिकारी कोऱ्या वहीच्या अधिकाऱ्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. आणि चौथा आक्षेप, कामगार संघटनांचा, सगळ्यांत वजनदार: शाली नकोत, बूट, हातमोजे, जेटिंग मशीन आणि वायू मोजायचं यंत्र द्या. याला माझं उत्तर नाही, संमती आहे. साधनांची जागा सत्कार घेऊ शकत नाही. पण कुठल्या बिटात कुठलं साधन कमी पडतंय, दिलेले गमबूट मापाचे नाहीत म्हणून शेडमध्ये पडून आहेत का, हे कळणार कुठून? खरेदीच्या फाईलमध्ये ते दिसत नाही. काही हजारांत येणारं वायूमापक यंत्र की 30 लाखांची भरपाई, हा हिशेब लेखा विभागापुढं मांडायलाही खालून आलेली नोंदच लागते.

मग हे करायचं कसं? प्रत्येक हजेरीच्या ठिकाणी एक वही. लिहिता न येणाऱ्यानं तोंडी सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं; आणि आपल्या सोलापुरात ते तेलुगूत सांगितलं, कानडीत सांगितलं, दखनीत सांगितलं, तरी चालायला हवं. ठेकेदाराच्या माणसालाही तोच हक्क, तोच सत्कार; त्याला वगळलं तर वहीला अर्थ नाही, कारण सगळ्यांत धोक्याची कामं बहुधा त्याच्याच वाट्याला येतात. सांगणाऱ्याला आठवड्याच्या आत उत्तर मिळालं पाहिजे, मग ते 'पैसे नाहीत, पुढच्या अंदाजपत्रकात घेऊ' असं का असेना. उत्तर न येणाऱ्या वहीत दुसऱ्यांदा कुणी लिहीत नाही. रोख रक्कम मोठी ठेवू नये. तिनं हाव सुटते आणि भांडणं लागतात. नाव मात्र जाहीर व्हावं, ज्याची तयारी असेल त्याचं, आणि त्याच्यासोबत ते काम तडीस नेणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याचं किंवा मुकादमाचंही. मुकादमाला त्यात मान मिळाला, की गोष्ट दाबण्यातला त्याचा फायदा संपतो. माझ्या मते सगळी योजना या एका मुद्द्यावर तरते किंवा बुडते.

सुरक्षेच्या बाबतीत आपण गौरव करतो तो बहुतेक वेळा मरणोत्तर. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात 66 अग्निशामक गेले, त्यांच्या स्मरणार्थ देशभर तो दिवस पाळतात. 9 मे 2015 ला काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला लागलेल्या आगीनं मुंबई दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला. त्यांना वंदन करावंच. पण ज्याच्या एका नोंदीमुळे कुणी मेलंच नाही, त्याची बातमी होत नाही, म्हणून त्याला मुद्दाम शोधावं लागतं.

हा विषय कर्मचाऱ्यांपुरता आहे असं समजून रेडिओ बंद करू नका. 21 एप्रिल 2021 ला नाशिक महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीची गळती झाली आणि त्या दिवशी 22 रुग्ण दगावले. पालिकेच्या कामाच्या जागेतला बिघाड नागरिकाच्या उशापर्यंत असा पोचतो. घरी फुटलेली काच, ब्लेड, सुई जाड कागदात गुंडाळून वेगळी द्या आणि घंटागाडीवरच्या माणसाला तोंडानं सांगा. उघडं चेंबर दिसलं तर झोन कार्यालयाला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. तुमच्या सोसायटीची सेप्टिक टँक भरली आणि कुणी म्हणालं, 'मशीन मिळत नाही, हा पोरगा उतरतो, दीड हजार द्या', तर व्यवहार तिथंच थांबवा. गटार आणि सेप्टिक टँकच्या सफाईसाठी 14420 हा क्रमांक आहे. त्यावर फोन करा, आणि मशीन येईपर्यंत टाकीपाशी कुणाला जाऊ देऊ नका.