वेळेची उतरंड

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



गिरणगावात भोंगा वाजला की कोणती पाळी सुटली आणि कोणती भरली हे साऱ्या वस्तीला कळत असे. आज नाशिक, सांगली किंवा पुण्याच्या उपनगरांतील दोन-तीन खोल्यांच्या घरांतून अशा पाळ्या भरतात, की ज्यांचा भोंगा शेजाऱ्यालाही ऐकू जात नाही. संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सकाळचे नऊ. देवापुढे दिवा लावून, मुलाला अभ्यासाला बसवून घरातील पदवीधर स्त्री आतल्या खोलीत जाते, दार लोटून घेते आणि संगणक उघडते. सातासमुद्रांपलीकडील एखाद्या कंपनीच्या संचालकाचा दिवस ती सुरू करून देते. त्याला आलेल्या पत्रांतून महत्त्वाची पत्रे निवडायची, बाकीच्यांना त्याच्या नावाने उत्तरे धाडायची, बैठकांच्या वेळा जुळवायच्या, विमानाचे तिकीट काढायचे, बैठकीचे टिपण तयार करायचे, खर्चाची बिले लावायची. आणि त्याच्या पत्नीच्या वाढदिवसाला फुले वेळेवर पोचतील हेही पाहायचे. न्यूयॉर्कची कचेरी पाच वाजता सुटते तेव्हा येथे रात्रीचे अडीच वाजलेले असतात. हिवाळ्यात तेथील घड्याळे तासभर मागे जातात, म्हणजे येथे साडेतीन.

या कामाला ‘एक्झिक्युटिव्ह असिस्टंट’ असे भारदस्त नाव आहे. ते घरून चालत असल्यामुळे त्यामागे ‘व्हर्च्युअल’ हे विशेषण लागते. व्हर्च्युअल म्हणजे आभासी. वास्तविक या कामात आभासी असे काही नाही. डोळे खरे, पाठ खरी, जागरण खरे. या साऱ्या व्यवहारात आभासी ठरते ती मालकाची जबाबदारी.

संचालकाला ‘वेळ नाही’, म्हणून ही नोकरी अस्तित्वात आली असे सांगितले जाते. या ‘वेळ नसण्या’चे अर्थशास्त्र जुने आहे. इंग्लंडमधील गणितज्ञ चार्ल्स बॅबेज याने १८३२ साली कारखानदारीवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की कामाचे तुकडे पाडले म्हणजे प्रत्येक तुकड्यापुरतेच कसब विकत घेता येते. महाग कसबाच्या माणसाला स्वस्त कामावर खर्च करावे लागत नाही. मूळचा तांबटकाम करणारा अमेरिकन लेखक हॅरी ब्रेव्हरमन याने १९७४ साली ‘लेबर अँड मोनॉपॉली कॅपिटल’ या पुस्तकात हेच तत्त्व कचेरीला लावले. साहेबाने स्वतः पत्र टंकित करणे मालकाला परवडत नाही, कारण त्याच्या पगाराच्या एका अंशात तेच काम करणारी चिटणीस मिळते. साहेबाचा तास महाग राहतो, कारण चिटणिशीचा तास स्वस्त असतो.

मुंबईच्या फोर्ट भागातील कचेऱ्यांत लघुलेखन आणि टंकलेखन शिकलेल्या ख्रिस्ती, पारशी आणि पुढे मराठी मध्यमवर्गीय मुलींनी हेच काम पिढ्यान्‌पिढ्या केले. फरक एवढाच, की तेव्हा साहेब आणि चिटणीस एकाच इमारतीत बसत. १९७३ साली अमेरिकेत जॅक निल्स यांनी ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द रूढ केला, तेव्हा त्यामागचा हेतू चांगला होता. माणसाने कामाकडे जाण्याऐवजी काम माणसाकडे यावे, म्हणजे रस्त्यावरील गर्दी आणि पेट्रोल दोन्ही वाचतील. मार्च २०२० च्या टाळेबंदीने ही कल्पना एका आठवड्यात लाखो घरांत आणून बसवली. पण काम एकदा तारेवरून जाऊ लागले, की ते घराजवळच थांबेल याची शाश्वती नसते. ते जेथे श्रम स्वस्त असतील तेथवर जाते. अमेरिकेतील संचालकाचे काम मनिलात गेले, तसे ते महाराष्ट्रातही आले. बॅबेजचे तत्त्व कारखान्याच्या एका छपराखालून निघून दोन खंडांवर पसरले.

यात वाईट तेवढेच पाहणे हा अन्याय ठरेल. लग्नानंतर नोकरी सोडावी लागलेली स्त्री, अंथरुणाला खिळलेल्या सासूला एकटे टाकू न शकणारी सून, जिना चढणे अशक्य असलेला अपंग तरुण, जेथे कचेऱ्याच नाहीत अशा तालुक्याच्या गावची मुलगी, या सर्वांना या कामाने स्वतःच्या कमाईचा पैसा दिला. लोकलच्या गर्दीतील रोजचे तीन तास वाचले. अशा स्त्रीला ‘हे काम सोड’ असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही चळवळीला नाही. प्रश्न हे काम असावे की नसावे हा नाही. कचेरीच्या भिंतींबरोबर आणखी काय काय गेले, हा आहे.

त्या भिंतींनी पुष्कळ काही दिले होते. भिंत होती म्हणून कामाला सुरुवात आणि शेवट होता. शेजारच्या टेबलावर दुसरी चिटणीस होती, म्हणून आपला पगार कमी आहे हे कळत होते. साहेब ओरडला तर ऐकणारा साक्षीदार होता. मस्टर होते, म्हणून भविष्यनिर्वाह निधी होता. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळाली. घरून काम करणाऱ्या या स्त्रीला बहुधा एका दिवसाचीही मिळत नाही, कारण करारपत्रात ती नोकर नसून ‘स्वतंत्र सल्लागार’ असते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती घ्यावी लागते आणि सुरक्षिततेची व वाहनाची व्यवस्था करावी लागते. घरच्या आतल्या खोलीत पहाटे तीनपर्यंत बसणाऱ्या स्त्रीसाठी या कलमाला काही अर्थ उरत नाही. तिला घरी पोचवायचे नसते, ती घरीच असते! तिच्या झोपेचे काय, हे मात्र कोणी विचारीत नाही.

भिंत गेली तरी मुकादम गेला नाही. काही मंचांवर तासाने काम घेतले, की दर दहा मिनिटांच्या तुकड्यातून एकदा संगणकाच्या पडद्याचे चित्र आपोआप टिपले जाते. कळफलकावर बोटे किती चालली याची नोंद होते. संचालक विचार करीत खिडकीबाहेर पाहतो तेव्हा ते काम समजले जाते. त्याची सहायक क्षणभर डोळे मिटते तेव्हा तो ‘रिकामा वेळ’ ठरतो. विश्वासाचा व्यवहारही असाच एकेरी असतो. त्याचे बँकखाते, त्याचा आजार, त्याचे कौटुंबिक तंटे तिला ठाऊक असतात आणि ते गुप्त ठेवणे हे तिचे कर्तव्य असते. तिच्या घरी कोण आजारी आहे, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नसते. उद्या एका ओळीच्या पत्राने तिचे काम थांबले, तर दाद मागायला तिने जावे कोठे?

‘या तर इंग्रजी बोलणाऱ्या बाया, यांना कामगार कसे म्हणायचे?’ अशी शंका चळवळीतील जुन्या माणसांच्या मनात येते. त्यांनी सोलापूरकडे पाहावे. विडी कारखानदारांनी घरोघर पाने-तंबाखू देऊन विड्या वळून घेतल्या आणि ‘घरी काम करते ती आमची कामगार नव्हे’ असा दावा केला. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. आता तो नव्या संहितेत विलीन झाला असला, तरी त्याने प्रस्थापित केलेले तत्त्व जुने होत नाही. काम कोठे बसून केले यावरून कामगारपण ठरत नाही. ते कोणासाठी आणि कोणाच्या हुकमाने केले यावरून ठरते. तंबाखूच्या सुपाच्या जागी संगणक आला, म्हणून हे तत्त्व बदलण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाच्या कराराने घरून काम करणाऱ्याला इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक मिळावी असे मान्य केले. भारताने त्याला अद्याप संमती दिलेली नाही. ती मिळवणे ही पहिली मागणी असली पाहिजे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गृहाधारित कामगारा’ची व्याख्या आहे आणि तीत वस्तूंबरोबर सेवांचाही उल्लेख आहे. म्हणजे शब्द आला. हक्क मात्र पुढे येणाऱ्या योजनांवर सोपवला गेला. मंच चालवणाऱ्या कंपन्यांकडून उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी घेण्याची तरतूदही आहे. परंतु जी स्त्री मंचाशिवाय थेट संचालकाशी करार करते, ती या जाळ्यातून निसटते.

या ठिकाणी महाराष्ट्राजवळ स्वतःचा अनुभव आहे. माथाडी कामगारालाही एक मालक नव्हता. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. ‘कोणाचा कामगार?’ या प्रश्नाला उत्तर नव्हते, म्हणून त्याला कोणताच हक्क नव्हता. १९६९ च्या माथाडी कायद्याने या प्रश्नाची दिशाच बदलली. मालक अनेक असोत, मंडळ एक असेल. मालकांनी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरावी आणि मंडळाने मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार पाहावे. पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसासाठी जे शक्य झाले, ते चार संचालकांचा पसारा वाहणाऱ्या सहायिकेसाठी अशक्य का मानावे? न्यूयॉर्कच्या संचालकापर्यंत महाराष्ट्राच्या मंडळाचा हात पोचणार नाही, हे खरे. पण असे काम मिळवून देणाऱ्या आणि त्यावर आपला हिस्सा घेणाऱ्या देशी मध्यस्थ संस्था येथेच आहेत. आपल्या अधिकाऱ्यांसाठी घरबसल्या सहायिका ठेवणाऱ्या भारतीय कंपन्याही येथेच आहेत. सुरुवात त्यांच्यापासून करता येईल. पलीकडच्या मालकांसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवरच झगडावे लागेल. जून २०२५ च्या श्रम परिषदेने मंचांवरील कामासाठी करार करण्याच्या दिशेने पाऊल टाकले आहे, हे त्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

कायद्याआधी संघटना लागते, आणि विखुरलेल्या माणसांची संघटना अवघड असते. या स्त्रिया एकमेकींना ओळखत नाहीत. एकाच इमारतीत दोघी असल्या तरी दोघींना पत्ता नसतो. कार्यकर्त्याने येथून आरंभ करावा. दर शहरात महिन्यातून एकदा त्यांना एकत्र बसता येईल अशी जागा हवी. तेथे करारपत्रे वाचून दाखवावीत, कोणाला किती मोबदला मिळतो हे एकमेकींना कळू द्यावे आणि मराठीत एक नमुना करार तयार करावा. त्यात कामाचे तास, रात्रकाळाचा जादा दर, काम थांबवण्यापूर्वीची मुदत, थकलेल्या बिलावर व्याज आणि पडद्याची चित्रे टिपण्यावर मर्यादा ही पाच कलमे तरी असावीत. एकटीने मागितले तर ते नखरे ठरतात. शंभरजणींनी मागितले की तो दर ठरतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पहाटे झोपलेली ही स्त्री सकाळी उठू शकत नाही, म्हणून तिच्या घरी भांडी-पोळ्यांना बाई येते. संचालकाचा वेळ सहायिकेच्या वेळावर उभा. सहायिकेचा वेळ मोलकरणीच्या वेळावर. मोलकरणीची मुले ज्या वेळी शाळेत निघतात, त्या वेळी ती दुसऱ्याच्या ओट्यापाशी असते. ही वेळेची उतरंड आहे, आणि सर्वांत खालच्या मडक्यावर सर्वांचा भार आहे. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ सालीच झाला. जी सहायिका आपल्या मालकाकडे रजा मागेल, तिने आपल्या घरी येणाऱ्या बाईला आठवड्याची सुटी आणि आजारपणाचा पगार दिला पाहिजे. तसे झाले नाही, तर तिची मागणी हक्काची न राहता सवलतीची होईल.

गिरणीचा भोंगा कामावर बोलावीत असे, तसा तो सुटीही देत असे. तो दुसरा भोंगा मालकाने भेट म्हणून दिलेला नव्हता. आठ तासांच्या दिवसासाठी पिढ्या झगडल्या, तेव्हा तो वाजू लागला. आतल्या खोलीतील त्या पाळीला आज फक्त सुरुवात आहे. तिला शेवट मिळवून देणे, हे काम यापुढचे आहे.