वऱ्हाडातला 'र'

'वऱ्हाड' हा शब्द वहीत लिहायला क्षणही लागत नाही. जुन्या युनिक्स संगणकावर मात्र तो धड उमटत नसे. तिथे खिडक्या दाखवणारी 'एक्स विंडो' पद्धत १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मली. एकापुढे एक सुटी अक्षरे मांडायची, एवढेच तिला ठाऊक. इंग्रजीचे त्यात भागले. आपली पहिली वेलांटी उच्चारात मागून येते आणि लिहिताना पुढे बसते. जोडाक्षरे तर एकमेकांत मिसळतात. मग मराठीसाठी प्रत्येक सॉफ्टवेअर नव्याने लिहायचे का?

मुंबईच्या एनसीएसटीने 'इंडिक्स' प्रकल्पात यावर उपाय शोधला. अक्षरजुळणी खिडक्यांच्या पद्धतीतच बसवली, म्हणजे वरच्या सॉफ्टवेअरला वेगळी मराठी शिकवायला नको. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी तिथेच 'रघु' हा टंक रेखला.

तरी आपला 'र' हट्टी. साधा 'र' जोडला की रफार होऊन 'ह'च्या डोक्यावर चढतो. म्हणून युनिकोडमधल्या 'ऱ' या स्वतंत्र अक्षराचा आधार घ्यावा लागतो. हा फरक किरकोळ नाही. 'आचार्यांना बोलवा' म्हटले तर गुरुजी येतील, 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटले तर स्वयंपाकी!

तेव्हा अमरावती-अकोल्यात पत्रिका छापायला टाकाल, तर तेवढा 'र' पाहून घ्या. वऱ्हाड आपलेच आहे, मुलुखाचेही आणि लग्नाचेही.